बंदूक, परवाना आणि शाळेतील मूल

भाताच्या लोंब्या भरू लागल्या की मुळशीच्या खोऱ्यात रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो, आणि राखणीस बंदूक असावी असे शेतकऱ्यास वाटते. त्याच घरातील मूल सकाळी दप्तर घेऊन शाळेस जाते. ह्या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध आहे, ह्याचा विचार आपण आजच्या धड्यात करू.

१. आपल्या देशात शस्त्र हा हक्क आहे काय? १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रज सरकारने येथील प्रजेस निःशस्त्र केले. युरोपियनांस मात्र मोकळीक ठेविली. हा अपमान लोकांच्या मनात सलत होता. म्हणून १९३१ साली कराची येथे राष्ट्रीय सभेने, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क आपल्या ठरावात घातला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामथ यांनी तोच हक्क मूलभूत हक्कांत यावा अशी सूचना मांडिली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. असा हक्क सर्वांस दिला तर अट्टल गुन्हेगारही तो सांगू लागेल, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सूचना नामंजूर झाली.

तेव्हापासून आपल्याकडे शस्त्र परवान्यानेच मिळते. १९५९ च्या कायद्याप्रमाणे २१ वर्षे पूर्ण न झालेल्यास बंदूक बाळगता येत नाही. प्रशिक्षणापुरता काय तो अपवाद. पिकाच्या खऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका मनुष्यास सामान्यतः दोहोंपेक्षा अधिक बंदुका ठेवण्यास मनाई झाली.

२. जेथे तो हक्क आहे तेथे काय घडते? अमेरिकेत १७९१ पासून हा हक्क राज्यघटनेत आहे. तेथे २०१२ साली सँडी हूक येथील शाळेत २० मुले व ६ वडील माणसे गोळ्यांस बळी पडली. २०२२ साली युवाल्डी येथे १९ मुले व २ शिक्षिका. एक पक्ष म्हणतो, बंदुका कमी करा. दुसरा म्हणतो, शाळेच्या दारी सशस्त्र रक्षक ठेवा. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अगदीच पोकळ नाही, कारण निःशस्त्र मनुष्य हल्लेखोरास कसा आवरणार? परंतु युवाल्डी येथे शेकडो सशस्त्र अंमलदार जमले असताही हल्लेखोराच्या खोलीत शिरण्यास त्यांस तासाहून अधिक वेळ लागला. यावरून दिसते की, दारावर बंदूक आहे एवढ्यानेच मूल वाचत नाही.

३. आपणांकडे असे होत नाही काय? डिसेंबर २००७ मध्ये गुडगाव येथे शाळकरी मुलांनी वडिलांचे पिस्तूल शाळेत नेऊन आठवीतील सोबत्याचा प्राण घेतला. जुलै २०२४ मध्ये बिहारातील सुपौल येथे पाच वर्षांच्या बालकाने दप्तरातून पिस्तूल आणिले व दहा वर्षांच्या मुलास जखमी केले. हा दोष शाळेच्या फाटकाचा म्हणावा, की घराच्या कपाटाचा?

आपल्या मुळशीतही जमिनीच्या वादात शेतकऱ्यांस पिस्तूल दाखवून धमकाविल्याच्या आरोपावरून पौड पोलिसांनी जुलै २०२४ मध्ये गुन्हा नोंदविला. जेथे जमिनीचे भाव चढले तेथे भांडणेही चढली. अशा ठिकाणी मुले वडील माणसांकडे पाहूनच शिकतात की तंटा वादाने मिटवावा, की नळीने.

आमचे मत असे आहे. राखणीची गरज खरी आहे. शेतकऱ्यास हसू नये. परंतु ज्याने परवाना घेतला त्याने एक कर्तव्यही घेतले. बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी. दारूगोळा वेगळ्या जागी, किल्ली आपल्याजवळ. मुलांपुढे तिची फुशारकी मारू नये, लग्नावरातीत बार काढू नये. आणि एखादे मूल शाळेत शस्त्राची गोष्ट बोलले, तर ऐकणाऱ्याने ते थट्टेवारी न नेता त्याच दिवशी गुरुजींस सांगावे. कारण पुष्कळदा आधी ठाऊक असते ते सोबत्यांनाच.

विचारासाठी प्रश्न :
(१) हक्क आणि परवाना यांत भेद कोणता?
(२) आपल्या गावी ज्या घरी बंदूक आहे, ती कोठे व कशी ठेविली जाते?
(३) भ्यालेले किंवा चिडलेले मूल आपल्या शाळेत कोणापाशी मन मोकळे करू शकेल?