रात्रीचा खोकला

दिवसभर हुंदडणारे मूल अंथरुणास पाठ टेकताच खोकू लागते. सकाळी वर्गात त्याचे तारवटलेले डोळे आम्ही तत्काळ ओळखतो. निजल्यावर नाकातील स्राव घशात उतरतो, जठरातील आम्ल वर येते. दमाही रात्रीच अधिक बळावतो. पेडण्याच्या पावसात भिंतींना धरणारी बुरशी, चुलीचा धूर आणि डिचोलीकडील लोहखनिजाची धूळ यांची त्यात भर पडते.

अशा वेळी आजी धने, जिरे, मिरी, आले घालून कषाय उकळते. गरम कषायाने घसा निवतो. निजताना चमचाभर मध दिल्यास उबळ कमी होते, हे वैद्यकासही मान्य आहे. मात्र वर्षाच्या आतील बाळास मध मुळीच देऊ नये.

परंतु खोकला दोन आठवडे टिकला, अथवा ताप, वजनातील घट वा थुंकीत रक्त दिसले, तर कषाय पुरे. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिले. आज सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. तरीही ‘शेजारी काय म्हणतील’ या धास्तीने काही घरांत खोकला उशीत दाबला जातो, आणि त्याच खोलीत मुले निजलेली असतात.