थायरॉइडचा आजार आणि पूरक पोषकद्रव्ये : एक टिपण



आपल्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, आणि त्याहूनही अधिक औषधांच्या खिडकीवर, एक प्रश्न अलीकडे वरचेवर विचारला जातो. ‘थायरॉइडची गोळी चालू आहेच, तिच्या जोडीला ताकदीचे काय घ्यावे?’ नांदेड शहरातील प्राध्यापिका हा प्रश्न विचारते आणि औसा किंवा देगलूरकडील शेतकरी कुटुंबातील सासूबाईही सुनेसाठी विचारतात. अहवाल वर्षात एका हितचिंतकाने याच धर्तीचा प्रस्ताव संस्थेपुढे ठेवला. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील थायरॉइडग्रस्त भगिनींना सेलेनियम, जस्त, ‘ड’ जीवनसत्त्व व वनौषधींचा एकत्रित संच विनामूल्य वाटावा, खर्चाचा भार आपण उचलू, असे त्यांनी कळविले होते. देणगी नाकारणे कोणत्याही धर्मादाय संस्थेस जड जाते. म्हणून विश्वस्त मंडळाने या विषयावर टिपण मागविले. प्रस्तुत लेख हा त्या टिपणाचाच विस्तार आहे. लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने यातील वैद्यकीय मजकूर रुग्णालयाच्या डॉक्टरांकडून तपासून घेतला आहे. हिशेबी शेरे मात्र लेखकाचे स्वतःचे आहेत.

प्रथम आजाराविषयी. गळ्याच्या पुढील भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड, म्हणजेच अवटू ग्रंथी असते. शरीराच्या चयापचयाची गती तिच्या संप्रेरकांवर अवलंबून असते. शरीराची संरक्षक यंत्रणा काही व्यक्तींत या ग्रंथीलाच परकी समजून तिच्यावर हल्ला करते. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ साली अशा चार स्त्रियांच्या ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून या आजारास हाशिमोतोचा आजार म्हणतात. यात ग्रंथी हळूहळू निकामी होते. थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठता, केस गळणे, पाळीच्या तक्रारी सुरू होतात. याच्या उलट ग्रेव्ह्ज आजारात ग्रंथी गरजेपेक्षा अधिक काम करते. दोन्हींचे मूळ एकच, स्वतःच्याच शरीरावर उलटलेली प्रतिकारशक्ती. भारतातील आठ शहरांतील पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ११ टक्के व्यक्तींत थायरॉइडची कमतरता आढळली, तर सुमारे २२ टक्के व्यक्तींच्या रक्तात ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे होती. त्या आठ शहरांत मराठवाड्यातील एकही नव्हते, हे येथे नमूद करावयास हवे.

जुन्या पिढीच्या मनात थायरॉइड म्हणजे गलगंड आणि गलगंड म्हणजे आयोडीनचा अभाव, असे समीकरण पक्के आहे. ते एके काळी खरेही होते. डॉ. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात केलेल्या कामातून आयोडीनयुक्त मिठाचा उपयोग सिद्ध झाला; १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे साध्या मिठाच्या विक्रीवरील बंदी २००० साली उठविण्यात आली व २००६ साली पुन्हा लागू झाली. आज स्वयंपाकघरातील मिठातून प्रौढ व्यक्तीची रोजची सुमारे १५० मायक्रोग्रॅमची गरज सहसा भागते. जेथे आयोडीन पुरेसे मिळते तेथे थायरॉइडच्या कमतरतेचे प्रमुख कारण हाशिमोतोचा आजार हेच असते. त्यामुळे ‘थायरॉइड आहे, म्हणजे आयोडीन वाढवा’ हा सल्ला येथे लागू पडत नाही. इतकेच नव्हे, तो घातक ठरू शकतो. हाशिमोतोच्या रुग्णाने समुद्री शेवाळाच्या गोळ्या किंवा आयोडीनचे थेंब घेतल्यास ग्रंथीचे काम आणखी मंदावू शकते. मीठ नेहमीचेच, आयोडीनयुक्त, ठेवावे. त्यापुढे काही नको.

आता सेलेनियमकडे वळू, कारण बाजारातील बहुतेक ‘थायरॉइड’ संचांचा मुख्य आधार तेच आहे. ही मागणी निराधार नाही. थायरॉइड ग्रंथीत सेलेनियमचे प्रमाण इतर अवयवांपेक्षा अधिक असते आणि संप्रेरकाचे कार्यक्षम रूपांतर करणाऱ्या घटकांना ते लागते. २००२ साली जर्मनीतील अभ्यासात रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम घेणाऱ्या रुग्णांची प्रतिपिंडे कमी झाल्याचे दिसले आणि तेव्हापासून याचा बोलबाला झाला. पुढील अनेक अभ्यासांनीही प्रतिपिंडांची घट मान्य केली. थायरॉक्सिन न घेणाऱ्या रुग्णांत टीएसएच हा तपासणीचा आकडाही काही प्रमाणात सुधारतो, असे अलीकडच्या एकत्रित विश्लेषणात आढळले आहे.

परंतु रुग्ण दवाखान्यात प्रतिपिंडांची तक्रार घेऊन येत नाही, थकवा घेऊन येतो. डेन्मार्कमध्ये थायरॉक्सिन घेणाऱ्या ४१२ रुग्णांना वर्षभर सेलेनियम किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. त्याचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. प्रतिपिंडे सेलेनियमच्या गटात कमी झाली. मात्र रुग्णांच्या एकंदर जीवनमानात जी सुधारणा दिसली ती दोन्ही गटांत सारखीच होती. म्हणजे ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांनाही तितकेच बरे वाटले. आपल्याकडील एखाद्या भगिनीस पावडर घेतल्यावर हुरूप आला असे ती सांगते तेव्हा ती खोटे बोलत नसते. केवळ त्या हुरुपाचे श्रेय पावडरीच्या खात्यावर जमा करता येत नाही. लेखापरीक्षकास आम्ही एका खात्यातील शिल्लक दाखवून संस्थेची सांपत्तिक स्थिती सुधारली असे म्हणू लागलो तर तो जे म्हणेल, तेच येथेही म्हणावयास हवे.

याला एक अपवाद आहे. ग्रेव्ह्ज आजारात काही रुग्णांचे डोळे सुजतात व पुढे येतात. अशा सौम्य नेत्रविकाराच्या १५९ युरोपीय रुग्णांवरील २०११ सालच्या अभ्यासात सहा महिने सेलेनियम घेतल्याने डोळ्यांचा त्रास कमी झाला व तो बळावण्याचे प्रमाण घटले. तेथे डॉक्टर ते मर्यादित मुदतीसाठी लिहून देतात, आणि ते योग्य आहे. मात्र ते रुग्ण सेलेनियमची मात्रा कमी असलेल्या प्रदेशांतील होते, ही बाब नजरेआड करू नये. अन्नातील सेलेनियम जमिनीवर अवलंबून असते. हजूर साहिबच्या दर्शनासाठी पंजाबातून असंख्य भाविक नांदेडला येतात. त्याच पंजाबातील होशियारपूर व नवांशहर भागातील काही जमिनींत सेलेनियम इतके अधिक आहे की तेथील जनावरांचे खूर व शिंगे बिघडतात आणि माणसांच्या केसांवर व नखांवरही त्याचा परिणाम दिसून आला आहे. अमेरिकेत २००८ साली एका द्रवरूप पूरक उत्पादनात, छापील प्रमाणाच्या सुमारे २०० पट सेलेनियम निघाले. दोनशेहून अधिक लोकांस विषबाधा झाली आणि त्यांच्या प्रमुख तक्रारींपैकी एक होती केस गळण्याची. केस गळतात म्हणूनच आपल्याकडे पुष्कळ जणी हे संच विकत घेतात.

‘ड’ जीवनसत्त्व, लोह व बी-१२ यांची गोष्ट निराळी आहे. हाशिमोतोच्या रुग्णांत ‘ड’ जीवनसत्त्व कमी असल्याचे अनेकदा आढळते; परंतु कमतरतेमुळे आजार झाला की आजारामुळे कमतरता, याचा उलगडा अद्याप झालेला नाही. अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक व्यक्तींवर पाच वर्षे चाललेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘ड’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत स्वयंप्रतिकार आजार एकत्रितपणे काहीसे कमी झाले, पण एकट्या थायरॉइडपुरता ठाम निष्कर्ष त्यातून निघाला नाही. लोह मात्र संप्रेरक तयार करणाऱ्या मुख्य विकराचाच घटक आहे आणि आपल्या भागातील स्त्रियांत रक्तक्षय सर्रास आढळतो. हाशिमोतोच्या काही रुग्णांत जठराच्या अस्तरावरही असाच हल्ला होतो, त्यामुळे बी-१२ शोषले जात नाही. त्यातून शाकाहारी कुटुंबांत ते मुळातच कमी. अशा वेळी थकव्याचे खापर थायरॉइडवर फुटते आणि खरे कारण भलतेच असते. म्हणून तपासणी करावी, कमी निघाल्यास ते भरून काढावे. हा उपचार त्या कमतरतेचा आहे, ग्रंथीवरील हल्ल्याचा नव्हे, एवढे समजून घ्यावे.

वनौषधींबाबत लिहिताना संयम बाळगावा लागतो, कारण त्यांवर आपल्या समाजाची श्रद्धा आहे. अश्वगंधेवर भारतातच झालेल्या एका अभ्यासात सौम्य कमतरता असलेल्या ५० व्यक्तींपैकी निम्म्यांना आठ आठवडे दररोज ६०० मिलिग्रॅम अर्क दिला असता टीएसएच सुधारले. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. परंतु पन्नास व्यक्ती व आठ आठवडे एवढ्या भांडवलावर आयुष्यभराचा व्यवहार ठरविता येत नाही. अश्वगंधेने संप्रेरके प्रमाणाबाहेर वाढून छातीत धडधड सुरू झाल्याचीही उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. ग्रेव्ह्जच्या रुग्णाने तिच्या वाटेस न जावे हे उत्तम. परदेशी ‘थायरॉइड सपोर्ट’ गोळ्यांची कथा तर याहून वेगळी. अमेरिकेत तपासलेल्या अशा दहापैकी नऊ उत्पादनांत प्रत्यक्ष थायरॉइड संप्रेरकच सापडल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. ‘नैसर्गिक’ म्हणून घेतले ते औषधच होते, फक्त त्याचे माप कोणास ठाऊक नव्हते.

बायोटिनचा उल्लेख स्वतंत्रपणे करणे भाग आहे. केस व नखांसाठीच्या गोळ्यांत ते पाच-दहा मिलिग्रॅम असते. शरीराची गरज मायक्रोग्रॅममध्ये, सुमारे तीस. ते ग्रंथीला इजा करीत नाही, परंतु प्रयोगशाळेतील काही चाचण्यांना चकवते. टीएसएच खोटेच कमी व संप्रेरक खोटेच अधिक दिसते, आणि गोळीची मात्रा विनाकारण कमी केली जाण्याचा धोका उद्भवतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबाबत इशारा दिला. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस अशा गोळ्या बंद ठेवाव्यात आणि नमुना घेणाऱ्या कर्मचाऱ्यास त्याची कल्पना द्यावी.

सर्वांत मोठे नुकसान मात्र पूरक गोळ्यांनी होत नाही. मुख्य गोळी सुटल्याने होते. लातूर जिल्ह्यातील एका कुटुंबाने सोयाबीनच्या पट्टीतून मिळालेल्या रकमेतील बराच भाग अशा संचावर खर्च केला आणि ‘दोन-दोन औषधे कशाला’ म्हणून थायरॉक्सिन थांबविले. चार महिन्यांनी त्या भगिनी पायावर सूज व आवाज बसलेल्या अवस्थेत दाखल झाल्या. ज्या गोळीचा रोजचा खर्च एखाद-दोन रुपयांचा, ती बंद करून महिन्याकाठी हजारोंची वस्तू घेतली गेली. अशा वस्तूंच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे अन्नसुरक्षा नियमांनुसार बंधनकारक आहे. हे वाक्य इंग्रजीत व बारीक टाइपात असते, ही आपली अडचण.

हितचिंतकांपुढे ही सर्व माहिती ठेवली असता त्यांनी मोठ्या मनाने प्रस्ताव बदलला. संचांऐवजी आता त्या निधीतून टीएसएच, हिमोग्लोबिन व आवश्यकतेनुसार बी-१२ च्या तपासण्या होतील आणि गरजू भगिनींना थायरॉक्सिनच्या बाटल्या देण्यात येतील. जिच्यात कमतरता निघेल तिला तीच पूरक गोळी मिळेल, दुसरी नाही.

यासोबत वेळेचे एक कार्ड छापण्याचे ठरले, आणि त्यासाठी झालेली चर्चा येथे नोंदविण्याजोगी आहे. लोह व कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, त्यामुळे दोहोंत किमान चार तासांचे अंतर हवे. गर्भवती भगिनींना आशाताई लोह-फॉलिक आम्लाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या देतात. त्या बंद करावयाच्या नाहीत, केवळ वेळ सांभाळावयाची आहे. थायरॉक्सिन सकाळी सहाला पाण्याबरोबर, कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत, लोहाची गोळी सायंकाळी पाचच्या सुमारास आणि दुसरे कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत, असे वेळापत्रक डॉक्टरांनी बसवून दिले. गर्भारपणात थायरॉक्सिनची गरज बहुधा वाढते, म्हणून दिवस राहिल्याचे कळताच टीएसएच तपासावे, ही सूचनाही कार्डावर आहे. लातूर सोयाबीनची मोठी बाजारपेठ असल्याने सोयाचे पीठ व वड्या घरोघरी पोहोचल्या आहेत. त्यांनीही गोळीचे शोषण घटते. खाण्यास हरकत नाही, गोळीच्या लगत नकोत. बाजरीतील काही घटक ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात असे संशोधन आहे, पण मिठातून आयोडीन मिळत असताना भाकरी सोडण्याचे कारण नाही, ज्वारीची तर नाहीच. परिचारिका भगिनींनी सुचविल्यावरून ‘गोळीनंतर अर्धा ते एक तास चहा नाही’ ही ओळ कार्डावर सर्वांत वर आणि सर्वांत ठळक अक्षरांत घेतली आहे. पहिल्या खेपेची कार्डे वाटली तेव्हा सर्वाधिक हरकती त्याच ओळीवर आल्या.