‘मरुत’ विमानाची प्रतिकृती



प्रतिकृती म्हणजे खऱ्या वस्तूची लहान पण मापात केलेली नक्कल. जत्रेत मिळते ते विमान खेळणे असते. त्याचे पंख आखूड असले, तोंड मोठे असले तरी चालते. प्रतिकृतीत तसे चालत नाही. खऱ्या वस्तूचा प्रत्येक भाग जितक्या पटीने लहान केला, तितक्याच पटीने बाकीचे सगळे भाग लहान करावे लागतात. या पटीला ‘प्रमाण’ म्हणतात. नकाशाच्या धड्यात आपण तेच शिकलो आहोत.

मी एच.एफ. 24 ‘मरुत’ या लढाऊ विमानाची प्रतिकृती केली आहे. हे आपल्या देशात तयार झालेले पहिले जेट लढाऊ विमान. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात खरे मरुत ठेवलेले आहे. मी मामाबरोबर जाऊन ते बघितले. मरुत म्हणजे वारा.

विमानाची थोडी माहिती

बंगळूरचा विमान कारखाना आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या मदतीने 1940 साली सुरू केला. पुढे तो सरकारी झाला. 1956 साली तिथे कुर्ट टँक नावाचे जर्मन विमानतज्ज्ञ आले. त्यांनी आणि भारतीय इंजिनियरांनी मिळून मरुतचा आराखडा केला.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की खरे विमान करण्याआधी त्यांनीही एक नक्कल केली होती! 1959 साली त्यांनी पूर्ण आकाराचे लाकडी विमान बनवले. त्याला इंजिन नव्हते. डाकोटा विमान त्याला दोराने ओढून वर नेई आणि मग सोडून देई. असे ते सत्तरहून अधिक वेळा उडवले. आकार बरोबर आहे की नाही हे आधी लाकडावर तपासले, मग धातूला हात लावला. मामा म्हणाला, “आपले होडीचे सुतारपण तेच करतात. आधी मोज, मग काप. कापलेली फळी परत जुळत नाय.”

17 जून 1961 रोजी सुरंजन दास यांनी खरे मरुत पहिल्यांदा उडवले.

प्रमाण कसे काढले

मी 1:30 हे प्रमाण घेतले. म्हणजे खऱ्या विमानाचे 30 सें.मी. ते माझ्या विमानाचे 1 सें.मी.

लांबी : 15.87 मीटर = 1587 सें.मी. ÷ 30 = 52.9 सें.मी.
पंखांची रुंदी : 9 मीटर = 900 सें.मी. ÷ 30 = 30 सें.मी.
उंची : 3.60 मीटर = 360 सें.मी. ÷ 30 = 12 सें.मी.

पंख बरोबर आपल्या कंपासपेटीबाहेरच्या मोठ्या पट्टीएवढे आले, म्हणून हेच प्रमाण निवडले. सहा फूट, म्हणजे साधारण 180 सें.मी. उंचीचा वैमानिक या प्रमाणात 6 सें.मी.चा होतो. तो मी मातीचा करून शेजारी उभा केला आहे. तो बघितला की विमान केवढे मोठे होते ते समजते.

एक गंमत लक्षात ठेवा. लांबी 30 पट कमी झाली, तर रंगवायची जागा 30 × 30 म्हणजे 900 पट कमी होते. आणि आतली पोकळी 30 × 30 × 30 म्हणजे 27,000 पट कमी होते!

साहित्य

जाड पुठ्ठा, रद्दी वर्तमानपत्रे, कणकेची खळ, बांबूच्या कामट्या, पाण्याची रिकामी प्लॅस्टिक बाटली, सुतळी, जाळ्याची शिशाची गोळी, रंग.

कृती

1) विमान बाजूने आणि वरून कसे दिसते ते मापात कागदावर काढले.

2) बाजूचा आकार पुठ्ठ्यातून कापला. हा विमानाचा कणा. त्यावर 9 ठिकाणी आडव्या गोल चकत्या बसवल्या. होडीला आतून फासळ्या असतात तशाच या. मरुतचे अंग मध्ये, पंखांपाशी थोडे बारीक आहे, म्हणून तिथल्या चकत्या लहान घेतल्या. जास्त वेगात हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून ही कंबर बारीक ठेवलेली असते.

3) चकत्यांवर कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवल्या. तीन थर दिले. प्रत्येक थर पुरता वाळल्यावरच पुढचा द्यावा. आपल्या खाडीकाठी हवा दमट, म्हणून एका थराला दोन दिवस लागले. घाई केली तर आतून बुरशी येते.

4) पंख पुठ्ठ्याच्या दोन थरांचे. मध्ये कामटी घातली, म्हणजे वाकत नाहीत. पंख मागे कललेले आहेत. दोन्ही बाजूंचा कल सारखा आहे की नाही, ते नाकापासून पंखांच्या टोकांपर्यंत सुतळी धरून बघावे.

5) बाटलीच्या तुकड्याची काच केली. मागे दोन इंजिनांची दोन तोंडे ठेवली. नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, मिळून चार तोफांची भोके काढली.

6) मरुतला एक चाक नाकाखाली आणि दोन मागे. शेपटी जड झाली तर विमान मागे बसते. म्हणून नाकात शिशाची गोळी घातली. ही विज्ञानातली तरफ. मागची चाके हा टेकू. टेकूपुढे 30 सें.मी.वर ठेवलेले 20 ग्रॅम, टेकूमागे 10 सें.मी.वरच्या 60 ग्रॅमला तोलते, कारण 30 × 20 = 600 आणि 10 × 60 = 600. शिसे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, लहान भावंडांना देऊ नये.

7) चंदेरी रंग दिला. पंखांवर वायुसेनेचे चिन्ह काढले. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा.

मरुतचे पुढे काय झाले?

मरुतचा आकार ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाण्यासाठी केला होता. पण त्याला हवे होते तेवढे ताकदवान इंजिन कधी मिळालेच नाही. मग कमी ताकदीची दोन ऑर्फियस इंजिने बसवावी लागली. वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपासच राहिला. अंग चांगले, पण दम कमी, असे झाले.

तरी मरुतने काम केले. 1971 च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर ती विमाने लढली. एक इंजिन गोळी लागून बंद पडले, तरी दुसऱ्यावर काही विमाने तळावर परत आली. एकूण 147 मरुत तयार झाली. 1980 च्या दशकात ती हळूहळू सेवेतून गेली. सुरंजन दास मात्र 10 जानेवारी 1970 रोजी याच जातीच्या विमानाची चाचणी घेताना अपघातात वारले. बंगळूरमध्ये त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

2016 साली आपल्या देशाचे ‘तेजस’ विमान वायुसेनेत आले. त्याचेही इंजिन परदेशी आहे. म्हणजे विमानाचे अंग बनवणे आपल्याला जमले, त्याचे हृदय बनवणे अजून बाकी आहे. माझ्या विमानातही मागे दोन भोके आहेत आणि आत नुसती हवा आहे. काही जण म्हणाले, “उडत नाय तर काय उपयोग?” मला वाटते, उपयोग आहे. ते करताना कुठे काय आणि का असते ते कळले. इंजिन कसे असते हे मला आता शिकायचे आहे. आपल्या शाळेतले कोणीतरी ते पुढे बनवील.

प्रतिकृती वर्गातल्या कपाटावर ठेवली आहे. बघा, पण नाक दाबू नका.

उत्तरे द्या

1) 1:60 प्रमाण घेतले तर मरुतचे पंख किती सें.मी.चे होतील?
2) तुमच्या घरची होडी किंवा दार मोजा. 1:30 प्रमाणात त्याची लांबी किती येईल?
3) मागे 15 सें.मी.वर 40 ग्रॅम वजन असेल, तर पुढे 30 सें.मी.वर किती ग्रॅम ठेवावे?

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी