रॅम घेतेस? जरा ऐक

अगं, तुझा मेसेज वाचला. कॉम्प्युटर स्वतः जोडायचा, रायझन ७००० घ्यायचा आणि वर ओव्हरक्लॉकिंग! जोड की, जरूर जोड. पण ६४०० च्या त्या रॅमवर इतकी भाळू नकोस.

त्या मोठ्या आकड्याशेजारी बारीक अक्षरांत सीएल लिहिलेलं असतं, आधी ते वाच. डेटा मागितल्यापासून हाती येईपर्यंत किती ठोके जातात, ते त्यात कळतं. सीएलला २००० ने गुण आणि मोठ्या आकड्याने भाग. ६००० ला सीएल ३० म्हणजे १० नॅनोसेकंद. ६४०० ला सीएल ४० म्हणजे साडेबारा. जुनी डीडीआर४, ३२०० सीएल १६ वाली, तीही दहालाच येते! मोठ्या आकड्याने एका दमात जास्त डेटा वाहतो हे खरं, पण सोबत सीएलही वाढलेला असेल तर पहिलं उत्तर उशिरा येतं. तुझ्या प्रोसेसरला ६००० सीएल ३० पुरे. त्यापुढे नशिबाचा खेळ, आणि त्यासाठी जादा पैसे मोजावेत असं मला नाही वाटत.

आणि हे ६००० सुद्धा ओव्हरक्लॉकच बरं का. एएमडी या प्रोसेसरला अधिकृतपणे ५२०० चंच वचन देते, तेही दोन पट्ट्यांना. चार लावल्यास थेट ३६०० वर येते. म्हणून १६-१६ जीबीच्या दोनच घे, एकाच पाकिटातल्या. आत्ता एक, दिवाळीला दुसरी असं करू नकोस. नाव तेच असलं तरी आतल्या चिपा बदललेल्या असतात.

आता आपल्याकडच्या उकाड्याचं बोलते. डीडीआर५ चा मूळ व्होल्टेज १.१, एक्स्पो हे ओव्हरक्लॉकचं तयार सेटिंग चालू केलं की बहुतेक पट्ट्यांचा १.३५ किंवा जास्त, म्हणजे पट्ट्या जास्त तापतात. त्यात घरावर पत्रे, मे महिन्याची दुपार. रात्री मेमटेस्ट ही रॅमची चाचणी पास झाली म्हणून नाचू नकोस, भर दुपारी पुन्हा लाव. रॅम चुकली की कॉम्प्युटर बंदच पडेल असं नाही. तो चालत राहतो, आणि सेव्ह होताना फायलीत एखादा बिट गुपचूप बदलतो. कॉलेजचा प्रोजेक्ट महिन्याने उघडतच नाही, तेव्हा कळतं. डीडीआर५ मधली ईसीसी, म्हणजे चूक सुधारणारी सोय, चिपेच्या आतल्याच चुका सावरते, वाटेतल्या नाही. एक जरी एरर दिसली तरी वेग खाली आण. लाज कसली त्यात?

खरेदी लॅमिंग्टन रोडला कर किंवा वापीला, पण पक्कं बिल घे. वॉरंटीला तेच लागतं. २०२५ च्या अखेरीपासून भाव भडकलेत, कारण चिपा एआयच्या सर्व्हरकडे चालल्यात. शेजारच्या गुजरातेत, साणंदला कारखाना असलेल्या मायक्रॉननेच २०२५ च्या डिसेंबरात क्रुशियल हा घरगुती ब्रँड बंद करायचं जाहीर केलं. अशात कोणी स्वस्तात सुटी पट्टी दाखवली, तर आधी शंका घे.

पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसव; बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतं, तेच खरं मान. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहील. बोर्ड मेमरीची जुळवणी करत असतो. घाबरून बटण दाबू नकोस. आणि हे सगळं पावसाळ्यात करणार असशील तर यूपीएस आधी घे, लाइटीचा काही भरवसा नाही.