किक मारणं आणि किक लागणं

छत्रपती संभाजीनगरात मी शाळकरी मुलामुलींना तायक्वांदो शिकवतो. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा विद्यापीठ परिसरातल्या साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) केंद्रात आपलं मूल कधी पोचेल, असं पालक पहिल्याच आठवड्यात विचारतात. त्यांच्यासाठी आणि नव्यानं शिकवायला लागलेल्या मित्रांसाठी हे लिहितो आहे.

१. पॅडवर छान दिसणारी किक मॅटवर लागेलच असं नाही.

दोल्ल्यो चागी ही आमची रोजची किक. गुडघा वर, टेकलेल्या पायाची टाच समोरच्याकडे वळलेली, मग कंबर फिरते आणि शेवटी पाय सुटतो. मन लावून केलं तर मुलांना ती लवकर जमते. समोर पॅड धरून उभा असलेला गडी हलत नसतो, आणि खरी अडचण तिथंच आहे. फाइटमध्ये समोरचा मागे सरकतो, अंगावर येतो, नुसता पाय उचलून हूल देतो. नेमक्या कोणत्या क्षणी मारायचं, हे पॅडनं कधी शिकवलेलंच नसतं.

म्हणून आमच्याकडे पॅड धरणारा दोन्ही हात पाठीमागे ठेवतो. अचानक एक पॅड पुढे येतो, कधी पोटाच्या उंचीवर, कधी डोक्याच्या. कधी तो एक पाऊल पुढे टाकतो आणि पॅड दाखवतच नाही. तेव्हा मारायचं नाही, सरकायचं. सुरुवातीला किक वेड्यावाकड्या पडतात. भिंतीलगत बसलेली एखादी आई हमखास म्हणते, “सर, आधी किती छान मारायची ही!” हो, आधी छान दिसायची. शे आणि मॉर्गन या अमेरिकन संशोधकांनी १९७९ मध्ये हेच दाखवलं होतं. आलटून पालटून सराव करणारे सरावात मागे पडले, पण काही दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हा शिकलेलं त्यांच्याच जास्त लक्षात होतं. माझा अनुभव याहून वेगळा नाही.

२. सूचना कमी, आणि शरीराबाहेरच्या.

“गुडघा वर, कंबर वळव, हात खाली नको” असं एका दमात सांगितलं की मूल थिजतं. त्यापेक्षा “गार्डवरच्या निळ्या पट्टीतून पाय आरपार जाऊ दे” एवढंच सांगितलं, की कंबर बहुधा आपोआप वळते.

३. गुणांचे नियम मुलांना तोंडपाठ हवेत.

ठोसा १, धडावरची किक २, डोक्यावरची ३. फिरून मारली तर धडाला ४, डोक्याला ५. पडलात किंवा रेषेबाहेर गेलात की गाम-जोम, म्हणजे समोरच्याला फुकटचा गुण. पूर्वी तिन्ही राउंडचे गुण एकत्र मोजत. २०२२ पासून मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत प्रत्येक राउंड वेगळा जिंकायचा असतो. पहिला हरला तरी पुढचे दोन हातात आहेत, हे ज्याला माहीत आहे तो रडत कोपऱ्यात येत नाही.

४. उंची वाढते तेव्हा कौशल्य मागे जातं.

मुलींत साधारण अकरा ते तेरा, मुलांत तेरा ते पंधरा या वयात हाडं झपाट्यानं वाढतात आणि स्नायू मागे राहतात. काल डोक्यापर्यंत जाणारा पाय आज खांद्याशी अडतो. घरचे म्हणतात आळशी झालाय, मोबाइल बघतो. तो आळशी झालेला नसतो, वाढत असतो. वाटीच्या खाली टेंगूळ येऊन गुडघा दुखणं ही याच वयाची खूण. तशा मुलाच्या उड्या आणि जोरकस किक मी लगेच कमी करतो आणि डॉक्टरांना दाखवायला सांगतो. ‘सहन कर’ हे वाक्य मला मॅटवर चालत नाही. दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण करा. उंची अचानक वाढलेली दिसली की सराव बदलायची वेळ आली.

५. टेकलेल्या पायाची ताकद आधी.

सगळ्यांचं लक्ष हवेतल्या पायाकडे. किक उभी राहते ती जमिनीवरच्या पायावर. बैठका, एका पायावरचे तोल, गोगाबाबा टेकडीची चढण, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे उडी मारून नीट उतरणं. उतरताना गुडघे आत वळत असतील, विशेषतः मुलींचे, तर ते सुधारेपर्यंत फिरत्या किक थांबवा. लिगामेंट एकदा तुटलं की हंगाम गेला. बैठकांनी उंची खुंटते ही भीती मात्र निराधार आहे.

६. वाढत्या मुलाचं वजन उतरवू नका.

यावर मी भांडतो, आणि भांडत राहणार. स्पर्धेच्या आधी भर उन्हात जाड जॅकेट घालून धावणारी, थुंकून थुंकून पाणी काढणारी मुलं मी पाहिली आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात हा जिवाशी खेळ आहे. “सर, दीड किलोच तर आहे,” असं वडील म्हणतात. चौथीपाचवीतल्या पोराच्या अंगातलं दीड किलो हे! त्याला वरच्या वजनगटात खेळवा. हरेल कदाचित, पण जेवून खेळेल. भाकरी, वरण, उसळ, शेंगदाणे, दही आणि चालत असतील तर अंडी. या वयाला डब्याबाहेरच्या पावडरीची गरज नाही.

७. मुली क्लास का सोडतात, ते विचारा.

डोबोक, म्हणजे तायक्वांदोचा गणवेश, पांढराशुभ्र असतो. पाळीच्या दिवसांत डाग दिसेल या धास्तीनं मुली गैरहजर राहतात, आणि मग हळूहळू येणंच बंद होतं. सरावाला गडद रंगाची पँट चालेल, असं सर्वांसमोर एकदा सांगून टाकलं की बराच प्रश्न सुटतो. वर्गात एक ताई मदतीला असावी, म्हणजे जे सरांना सांगता येत नाही ते तिला सांगता येतं. सतत थकणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन तपासायला घरच्यांना सांगा.

८. प्रमाणपत्राची घाई.

दहावी-बारावीचे वाढीव गुण, नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण, हे सगळं खरं आहे, आणि कष्टकरी घराला त्याचं मोल मोठं आहे. मी ते कमी लेखत नाही. पण जिल्हा, विभाग, राज्य या पायऱ्या एकेक करूनच चढाव्या लागतात, आणि बाराव्या वर्षी दमवलेलं मूल सतराव्या वर्षी मॅटवर नसतं.

तेव्हा पालकहो, क्लास निवडताना भिंतीवरची पदकं मोजू नका. प्रशिक्षकांना तीन गोष्टी विचारा: गुडघा दुखला तर काय करता, वजनासाठी उपाशी ठेवता का, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या किती मुली अजून येतात?