उंची आधी, शक्ती नंतर

प्रश्न : पोंभुर्णा येथे सामुदायिक रेडिओ केंद्र काढण्याचा आमच्या संस्थेचा मानस आहे. ५० वॅटचे प्रक्षेपक यंत्र जंगलापलीकडील गावांस पुरेल काय? (एक वाचक, पोंभुर्णा)

उत्तर : एफएम लहरी बहुतांशी सरळ रेषेत जात असल्यामुळे, यंत्राच्या शक्तीपूर्वी अँटेनाच्या उंचीचा विचार करणे इष्ट होय. सपाट प्रदेशात १५ मीटर उंचीवरून रेडिओ-क्षितिज सुमारे १६ किलोमीटरांवर, तर ३० मीटरांवरून २३ किलोमीटरांच्या आसपास असते. तथापि चढउतार आणि साग-बांबूचे दाट रान यांमुळे प्रत्यक्ष पल्ला बराच घटतो, म्हणून ५ ते १० किलोमीटरांचाच हिशेब धरावा. सरकारी धोरणाने अशा केंद्रांच्या अँटेनास सामान्यतः ३० मीटर उंचीची व प्रभावी प्रक्षेपणशक्तीस १०० वॅटची मर्यादा घातली आहे. केबलमध्ये ३ डेसिबलचा क्षय झाला, तरी निम्मी शक्ती वाटेतच जिरते. यास्तव केबल आखूड व उत्तम प्रतीची घ्यावी, तिच्या सांध्यांत पावसाचे पाणी शिरू देऊ नये, आणि अँटेना मंजूर कंपनसंख्येशी जुळवून, तडितरक्षकासह उभारावी. परवाना हाती येईपर्यंत मात्र प्रक्षेपण मुळीच सुरू करू नये.