फाइल उद्याही उघडली पाहिजे

लॅपटॉप घेतलास, पेढे वाटून झाले, आता जरा बस. एकदा पुण्याच्या होस्टेलवर गेलास की मावशीचं कोण ऐकतंय! रविवार कारंजाजवळ माझं डीटीपीचं दुकान बावीस वर्षं चाललं. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांचे अहवाल, पतसंस्थांच्या वार्षिक सभेच्या नोटिसा, जे येईल ते. दुकान बंद केलं तेव्हा मशीन विकली, टेबलं देऊन टाकली, पण एक पेनड्राइव्ह ठेवला. इतक्या वर्षांत सापडलेली चिमुकली सॉफ्टवेअरं त्यात आहेत आणि इंटरनेटवरच्या विचित्र गोष्टींची एक लांबलचक यादी. तुझे काका त्याला ‘हिचं फडताळ’ म्हणतात. हवं ते घे त्यातलं. पण ते कशापायी जमवलं, ते आधी ऐक.

२०१६ साली एक गृहस्थ दुकानात सीडी घेऊन आले. त्यांच्या वडिलांनी लिहिलेल्या आठवणी, १९९९मध्ये मीच टाइप केलेल्या. वडील वारले होते आणि मुलांना आता त्यांचं पुस्तक काढायचं होतं. मी ऐटीत फाइल उघडली. पडद्यावर डॉलरची खूण, कंस, स्वल्पविराम, मध्येच एखादं कॅपिटल इंग्रजी अक्षर, पुन्हा डॉलर. एकशेचाळीस पानं, सगळी तशीच. तो फॉन्ट जुन्या मशीनबरोबर गेला होता. तो चालायचा तो प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या डोंगलवर, आणि नव्या कॉम्प्युटरला तसलं पोर्टच नव्हतं. कंपनीला फोन केला. ती आवृत्ती बंद झाली, नवी विकत घ्या, म्हणाले. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक माझीही होतीच. ‘सीडी जपून ठेवा, कधीही प्रिंट काढून देईन,’ असं मीच त्या म्हाताऱ्या गृहस्थांना सांगितलं होतं.

असं का झालं ते समजून घे, म्हणजे तुझ्या हातून होणार नाही. तेव्हाचे आमचे मराठी फॉन्ट म्हणजे शुद्ध सोंग होतं. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं. आपल्याला ‘क’ दिसायचा, पण कॉम्प्युटर आपला इंग्रजीच धरून बसलेला. त्यातून प्रत्येक कंपनीने चित्रं आपापल्या मनाने बसवलेली. सोंग उतरलं, म्हणजे फॉन्ट गेला, की खालचं इंग्रजी उघडं पडायचं. युनिकोडने ही भानगड संपवली. त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र वाडा आहे, आणि ‘क’चा घरक्रमांक ०९१५. तो फोनवर तोच, नाशकात तोच, न्यूजर्सीतही तोच. फॉन्ट बदलला तर अक्षराचा सदरा बदलेल, अक्षर बदलणार नाही.

त्या आठवणी वाचल्या त्या बटर पेपरमुळे. ऑफसेटला द्यायला काढलेले प्रिंट पोटमाळ्यावर गुंडाळी करून ठेवलेले होते. ते स्कॅन केले आणि टेसरॅक्टमधून काढले. टेसरॅक्ट म्हणजे चित्रातली अक्षरं वाचून मजकूर करून देणारं फुकटचं सॉफ्टवेअर. ते मूळचं एचपीच्या प्रयोगशाळेतलं, २००५ साली सगळ्यांना खुलं केलं. मराठी वाचतं, पण चष्मा विसरलेल्या माणसासारखं. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांत हमखास गोंधळ, रफार तर उडालाच म्हणून समज. ‘वडिलांनी माझा हात धरला’ याचं ‘हात घरला’ झालं होतं. तीन आठवडे मी प्रूफं वाचत होते. पैसे घेतले नाहीत.

तेव्हा कॉलेजात काहीही मराठी लिहिशील ते युनिकोडमध्येच, आणि जमलं तर इनस्क्रिप्ट कीबोर्डवर. उच्चारावरून टाइप करणाऱ्या सोयी झटपट वाटतात, पण त्या शब्दाचा अंदाज बांधतात आणि आपण आळसाने तोच अंदाज स्वीकारतो. इनस्क्रिप्टला डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. पंधरा दिवस बोटं शिव्या देतील, मग गप्प बसतील. एक खुबी आत्ताच सांगून ठेवते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. दुसऱ्या शब्दातला तो अर्धा र काढायला ‘र’च्याच बटणावर शिफ्ट दाबून ‘ऱ’ घ्यायचा, मग हलंत, मग ‘य’. हे न कळल्यामुळे माझ्या एका ऑपरेटरने एका ट्रेकिंग ग्रुपला सह्याद्रीच्या दर्यांतून फिरवून आणलं होतं. आणि महत्त्वाचं काही असलं की तीन रूपांत ठेव: कामाची फाइल, पीडीएफ आणि साधी टेक्स्ट. टेक्स्ट फाइल दिसायला भिकारी, पण ती सगळीकडे उघडते. एक प्रत माझ्याकडे पाठवत जा. पुण्यात लॅपटॉप चोरीला गेला तर नाशकात असेल.

आता फडताळातली हत्यारं. ‘एव्हरीथिंग’ आधी टाक. फाइलचं अर्धवट नाव लिहिलंस की पुढचं अक्षर लिहायच्या आत समोर हजर. विंडोज आत फाइलींच्या नावांची एक वही ठेवतं, हे थेट ती वही वाचतं, म्हणून एवढं चपळ. एरवी फक्त नावं शोधतं बरं, आतला मजकूर नाही. म्हणून फाइलला ‘नवी’, ‘फायनल’, ‘फायनल-खरी’ असली नावं देऊ नकोस, तारीख आणि विषय घाल.

दुसरं ‘इरफानव्ह्यू’. इरफान श्किल्यान हा बोस्नियाचा पोरगा, व्हिएन्नाला शिकायला गेला आणि १९९६ साली त्याने एकट्याने फोटो बघायचं हे सॉफ्टवेअर सोडलं. त्याचं चिन्ह म्हणजे रस्त्यावर चेपलेलं लाल मांजर! का ते विचारू नकोस. पण लग्नाचे चारशे फोटो एका दमात लहान करायचे, सगळ्यांना ओळीने नावं द्यायची, हे काम माझ्या दुकानात त्या मांजरानेच वर्षानुवर्षं केलं. तिसरं ‘व्हीएलसी’, ते नारिंगी शंकूवालं. पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांचं काम, २००१पासून सगळ्यांना खुलं. पोरांनी रस्त्यावरचे शंकू उचलून आणून होस्टेलवर साठवले होते, म्हणून ते चिन्ह. तू मात्र तेवढं शिकू नकोस. अर्धवट उतरलेला, जुना, कुठल्याच प्लेअरवर न चालणारा व्हिडिओ ते बऱ्याचदा चालवून दाखवतं.

ही सगळी फुकट मिळतात, पण ज्याने केलं त्याच्याच दारातून घ्यायची. सॉफ्टवेअरचं नाव शोधलंस की सगळ्यांत मोठं, सगळ्यांत हिरवं ‘डाउनलोड’ बटण दिसेल, ते बहुधा जाहिरातीचं. शंका आली तर फाइल ‘व्हायरसटोटल’वर चढव, तिथे पाचपन्नास अँटिव्हायरस एकदम तपासून सांगतात. पण स्वतःची कागदपत्रं, आधारची प्रत वगैरे तिथे टाकायची नाही. टाकलेलं तिथे इतरांच्याही हाती लागू शकतं.

पत्ता वाचायला शीक, हे तर आईलाही सांग. कुंभमेळा तोंडावर आलाय, तंबू आणि खोल्या बुक करून देणाऱ्या खोट्या साइट भाराभर निघतील. आपल्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचे चार हजार असेच गेले, साइटवर रामकुंडाचा झकास फोटो होता म्हणून. वेबसाइटचा पत्ता उजवीकडून वाचायचा. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोड, त्यानंतर पहिली तिरकी रेघ येते तिच्या अगदी अलीकडे काय आहे ते बघ. तिथे ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असेल तर सरकारी. डावीकडे ‘नाशिक’, ‘कुंभ’, ‘गव्हर्नमेंट’ असं कुणीही काहीही लिहू शकतं, जसं रिक्षाच्या मागे कुणीही ‘राजा’ लिहितो.

कुंभाचा विषय निघालाच आहे तर ‘स्टेलेरियम’ टाक. कॉम्प्युटरवरचं तारांगण आहे ते. गाव नाशिक निवड, तारीख ३१ ऑक्टोबर २०२६ घाल, त्या दिवशी सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे. पहाटेचं आकाश लावलंस की गुरू सिंहेत बसलेला दिसेल. मग तारीख पुढे पळव. डिसेंबरात तो थबकतो, मागे सरकतो, एप्रिलच्या सुमाराला पुन्हा पुढे निघतो. पंचांगात ‘वक्री’ म्हणतात ते हेच. आपण शेजारच्या गाडीला ओव्हरटेक करताना ती मागे गेल्यासारखी वाटते ना, तसं. माझ्या सासूबाईंना हे दाखवलं तर त्या दोन तास कॉम्प्युटरसमोरून उठल्या नाहीत.

यादीतल्या विचित्र गोष्टी वेळ घालवायला आहेत, पण नाशिकवाल्यांच्या दोन जोडीने बघ. दादासाहेब फाळके मूळचे आमच्याच धंद्यातले, छापखानेवाले, त्र्यंबकेश्वरला १८७०मध्ये जन्मलेले. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे तुझी सहल गेली होती. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळं इंटरनेटवर बघायला मिळतात. पण त्याच्याही आधी, सावकाराला पटवायला, त्यांनी वाटाण्याचा वेल उगवताना एकेक चौकट टिपली आणि कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत दाखवली. आणि त्यानंतर शंभर वर्षांनी आपल्याच नाशिकचे रमेश रासकर आणि त्यांचे सहकारी एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये उलटं करून बसले. सेकंदाला एक लाख कोटी चौकटींच्या हिशेबाने त्यांनी बाटलीतून सरपटत जाणारा प्रकाश दाखवला, २०११ साली. मी हिशेब मांडून बघितला. तसलं एका सेकंदाचं चित्रण नेहमीच्या गतीने बघायचं तर हजार वर्षांहून जास्त बसावं लागेल. मात्र व्हिडिओखालची माहिती वाच. ती एका झोताची फिल्म नाही, तसेच झोत पुन्हा पुन्हा सोडून त्यांचे तुकडे जुळवलेले आहेत. व्हॉट्सॲपवर फिरताना नेमकं तेवढंच वाक्य गळतं.

इंटरनेटवर टाकलं की कायमचं राहिलं, असं तुम्हा पोरांना वाटतं. २००२मध्ये मी दुकानाचं एक पान केलं होतं, फुकटच्या जागेवर. लुकलुकणारा गणपती, खाली किती माणसं येऊन गेली त्याचा आकडा. जागा देणारी कंपनी एक दिवस गाशा गुंडाळून गेली आणि पान गेलं. पुढे ते सापडलं ‘वेबॅक मशीन’वर. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका जुन्या चर्चमध्ये इंटरनेट आर्काइव्ह नावाची संस्था आहे, ब्रूस्टर केल यांनी १९९६मध्ये काढलेली. वेबपानांच्या प्रती ते लोक काढून ठेवतात. गणपती लुकलुकत नव्हता, पण आकडा होता, १४३. त्यातले शंभर तरी माझेच असतील. तुझं काही चांगलं कुठे छापून आलं तर तो पत्ता तिथे स्वतः नोंदव, प्रत निघते. भाषेशी भांडण झालं तर शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा १८५७चा कोश आहे आणि दात्यांचा शब्दकोशही.

हा घे पेनड्राइव्ह. त्यात ‘आजी’ नावाची टेक्स्ट फाइल आहे, तुझ्या आजीच्या कैरीच्या लोणच्याचं प्रमाण. तिने सांगितलं आणि मी टाइप केलं ते त्याच जुन्या फॉन्टमध्ये. पिवळा पडलेला प्रिंट गेल्या आठवड्यात स्कॅन करून काढलाय. मोहरीची डाळ, मेथ्या, हिंग, सगळं नीट आलंय. मिठाच्या वाट्यांचा आकडा तेवढा आईला विचार. कागद दुमडला तिथेच तो आहे, टेसरॅक्टने ३ वाचलाय, मला ६ दिसतोय, आणि दोन्ही करून बघण्याइतक्या कैऱ्या यंदा घरात नाहीत.